आकाराचं वजन

हर्णैत सकाळचे साडेसहा, तेव्हा शेन्झेनात नऊ.
मी लॅपटॉप उघडतो, आई बंदरावर निघते,
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली,
आणि उंबऱ्यातूनच विचारते, "आज कुठचं विमान?"

शिकागोचं.
सतरा टन. फोनची कव्हरं
आणि गळ्यात अडकवायचे छोटे पंखे.
किलोला सहा डॉलर वीस. काल पाच नव्वद होता,
परवाचं वेईलाही ठाऊक नाही.

कंपनी पुण्याची, माल चीनचा, गिऱ्हाईक अमेरिकेचं,
वायफाय आमच्या माळ्यावरचं.
वेईला मी कधी पाहिलेलं नाही,
तिचा खोकला तेवढा ओळखतो.
आईसुद्धा ओळखते. "ओवा चघळायला सांग तिला."

वारा खालून असला की लिलाव वर येतो:
अकराशे, अकराशे, साडेअकरा,
साडेअकरा कोण बोललं, बारा, बारा...
एकदा वेईने विचारलं, मागे गलका कसला?
दर ठरतोय, मी म्हटलं.
कशाचा?
सुरमईचा.
किती दिवस वैध?
बर्फ वितळेपर्यंत.
ती हसली, मग खोकली.

नवीन होतो तेव्हा आकाराचं वजन कळेना.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले सहा हजार.
खोका फुलासारखा हलका असू दे,
अडवलेल्या जागेचे पैसे पडतात.
आईला सांगितलं, हे बघ, एक टोपली तिसऱ्यांची,
एक सुक्या जवळ्याची. भाडं सारखंच.
"म्हंजे वाऱ्याचे पण पैसे घेता?"
घेतो.
"मेल्यांनो," म्हणाली, आणि कासोटा आवळून
बैलगाडीमागून पाण्यात शिरली.

बाबांना मात्र लगेच समजलं.
वीस वर्षं तांडेल होते, खण कसा भरायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको.
त्यांनी एवढंच विचारलं:
विमान अर्धं रिकामं उडालं तर उरलेली जागा दुसऱ्या दिवशी विकता येते?
नाही.
"दुपारचा बांगडा," ते म्हणाले, आणि जाळ्याकडे वळले.

मग सप्टेंबरात तिकडे वादळ.
तीन विमानं रद्द, चौथ्यात जागा दोन टनांची,
मागणारे तीस जण. इकडे ऊन, सुवर्णदुर्ग लख्ख,
होड्या एकामागून एक टेकत होत्या.
वेईचा निरोप आला: नऊ चाळीस. घेतोस?
दहा मिनिटं.
शिकागो झोपलेलं.

मी खिडकीत गेलो.
खाली आई एका वाट्यापुढे उभी.
ती कधीच बोली वाढवत नाही,
पाठ फिरवते, तीन पावलं चालते,
आणि तिसऱ्या पावलाला पुकारणारा तिला हाक मारतो.
त्या दिवशीही मारली.

मी लॅपटॉप मिटला. पाणी प्यायलो.
अकराव्या मिनिटाला उघडला.
आठ पंचाहत्तर. खाली एक ओळ:
रात्रभर ऑफिसातच आहे, काचा फुटल्यात.
मी लिहिलं, पक्कं.
काचांबद्दल काही लिहिलं नाही.
पुण्याहून अंगठा आला, वर केलेला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिकडून कुणी जिया बोलली.
स्वच्छ, भरभर, मध्ये न थांबता.
वेई?
ती आता या मार्गावर नाही.
रजेवर, की...?
फ्रँकफुर्टचा दर हवाय का? जिया म्हणाली.
हवा होता. लिहून घेतला.

संध्याकाळी आईने दोन पापलेटं
विकायची सोडून घरी आणली.
विळीवर बसली, कल्ले काढले.
"गेलं का तुझं विमान?"
गेलं.
"भरून?"
काठोकाठ.
बोटांवरचे खवले झटकत ती म्हणाली,
"आणि तिने ओवा घेतला काय?"