कलबूत

एल्दा गावात, आमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर,
जिथे पूर्वी बीचचे ओंडके वाळत पडायचे,
आता सहा संगणक आहेत
आणि गार पाण्याचं एक यंत्र.

माझं वय एकोणसाठ.
चाळीस वर्षं लाकडाची पावलं कोरली,
बुटाच्या पोटात राहून बूट घडवणारी,
आणि आज मला एक टाच काढता येत नाही.

पहिल्या दिवशी खोका जमला.
खोक्याला गोल भोक पाडलं, तेही जमलं.
आइताना म्हणाली, छान, सेन्योर फेर्मिन.
तिच्या वयाचे माझ्याकडे बूट आहेत.
मग म्हणाली, आता पाऊल.

पावलात सरळ रेघ कुठेच नसते.
हे माझ्या हाताला ठाऊक होतं, तासणीला ठाऊक होतं,
मला स्वतःला कधी विचारावं लागलं नव्हतं.
इथे आधी एक आडवा छेद, मग दुसरा,
बोटांपाशी, चवड्यावर, कमानीत, घोट्याखाली,
आणि त्यांच्यावरून ओल्या चामड्यासारखा
ताणून घ्यायचा पृष्ठभाग.

माझं चामडं सुरकुतलं.
पावलाऐवजी बटाटा निघाला,
तोही उकडून, घाईत सोललेला.

मी बिंदू वाढवले.
खोलगट दिसलं तिथे एक, फुगलं तिथे दोन.
चोपन्न झाले.
एकाला ओढावं तर शेजारचा उसळायचा,
त्याला दाबावं तर पलीकडे टेंगूळ.
लहानपणी आई म्हणायची, या पोराला वळण नाही.
पडद्यावर दिसतच होतं.

आइताना खांद्यामागून बघत राहिली.
काढून टाका, म्हणाली.
कोणता?
जेवढे काढवतील तेवढे.

अगं, मग हे आधी नाही का सांगायचं!
जन्मभर दुसरं केलं काय मी?
ओंडक्यातून पाऊल सोडून बाकीचं काढलं,
भुसा घरी नेला, शेगडीत घातला.

सातावर आलो.
आणि रेघ सैल सुटली,
झोपेतून उठलेल्या मांजरीने
पाठ ताणावी तशी.

मग तिने त्यावर काळेपांढरे पट्टे सोडले.
पट्टा जिथे अडखळतो तिथे जोड चुकलेला.
तीन तास मी पट्टे सांधत बसलो,
घरी मसुराचं कालवण गार झालं.
संपल्यावर सवयीने डोळे मिटले
आणि अंगठा फिरवून पाहिला.

सपाट. जरासा कोमट.
काचेवर तेलकट ठसा तेवढा उमटला.

डाव्याचा उजवा करायला एकच कळ.
आरसा म्हणतात तिला.
दाबली, आणि क्षणात जोडी उभी,
जुळ्या बहिणींसारखी, एकीच्या गालावर तीळ
तर दुसरीच्याही.

पण ही जोडी एउलालियाची होती.
एकतीस वर्षं तिने शिवणयंत्राचं पायडल
उजव्याच पायाने मारलं.
तो अर्ध्या नंबराने मोठा आहे,
अंगठ्याच्या मुळाशी गाठ,
आणि बाजारातला कुठलाच बूट
तिला घरापर्यंत पोचू देत नाही.

आरसा काढून टाकला.
उजव्यावर आठवा बिंदू ठेवला आणि बाहेर ओढला,
थोडा, मग आणखी थोडा.

पट्टा तुटतोय तिथे, आइताना म्हणाली.
तुटू दे. तिथे दुखतं तिला.

ती गप्प झाली.
मी खालच्या कपाटातून एउलालियाचं जुनं कलबूत आणलं,
मेण लावून काळपट पडलेलं,
तिच्या हातात दिलं. म्हटलं, डोळे मीट.
हसली, पण मिटले.
तिचा अंगठा टाचेवरून निघाला,
कमानीत उतरला, वर चढला,
गाठीपाशी येऊन थांबला.

किती मिलिमीटर आहे ही?

मोजली नव्हती कधी.

मग दोघांनी मिळून कॅलिपर लावला.
सहा पूर्णांक चार.
मला वाटलं होतं, जास्त असेल.