रीडिंग

दर महिन्याच्या बारा तारखेला मी आमच्या गावातल्या
एकशे अठरा बंद बंगल्यांचे आकडे टिपतो.
गेटला कुलूप, कुलपाला प्लास्टिकची पिशवी,
मीटरच्या काचेवर कुंभारणीचं मातीचं घर.
ते नखानं खरवडायचं, मोबाईलवर फोटो घ्यायचा,
खाली पर्याय निवडायचा : घर बंद.

विट्यापासून अकरा किलोमीटर. बंगल्यांची नावं
मातृछाया, गुरुकृपा, पुन्हा मातृछाया,
आणि एकावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये नुसतंच
कोची.
तो संपत सूर्यवंश्यांचा.

समुद्र मी पाहिलेला नाही.
टँकर पाहिलाय, त्याच्यामागं घागर घेऊन पळालोय.
पण कोची मला पाठ आहे.
दर जत्रेला ते शहर थोडं वाढून गावात यायचं.

नाना पहिल्यांदा गेले तेव्हा ते एका खोलीएवढं होतं :
सहा माणसं, एक भट्टी, मूस,
ॲसिडचा पिवळा धूर, आणि खिडकीतून होडीचं टोक.
पुढच्या जत्रेला त्यात एक गल्ली आली.
मग पूल. मग पुलाखालचं पाणी बुजवून दुकानं,
दुकानांवर मजले, मजल्यांवर आमच्याच भावकीतली पोरं.
मासळी वाळत घालायचे तिथं गाड्यांचं शोरूम.
"चाळीस उंबरं हायत आपलं," नाना म्हणायचे,
"गाव तिकडंच हाय आता. हितं नुसता सातबारा."

केवढं झालं ओ शहर, विचारलं की हातानं दाखवायचे.
आधी ओंजळ. काही वर्षांनी कवळा.
गेल्या वर्षी दोन्ही हात पसरले ते तसेच राहिले,
पत्रावळीवर जिलबी गार झाली.

सोनाराच्या दुकानातला केर हे लोक विकत घेतात.
पायपुसणी, झाडू,
कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा.
जाळायचं, धुवायचं, आटवायचं,
तळाशी मोहरीएवढं सोनं.
"त्या गावाची बी हीच रीत," नाना एकदा म्हणाले,
"बंगाली ये, ओरिसावाला ये, आपण गेलो.
सगळा केर घेतंय. सोनं कुणाच्या वाट्याला गेलं
ते इचारू नगंस."

या बारा तारखेला कोचीच्या मीटरवर
चार युनिटं.
काच दोनदा पुसली.
कुलूप तसंच, पिशवी तशीच, पिशवीतलं पाणीही.
मागं गेलो. मोरीचं दार नुसतं लोटलेलं.

आत नाना.
नेसूला पांढरं मुंडू, उघडे, बरगड्या मोजाव्यात असे.
दिवा नाही. जमिनीवर टेबलफॅन,
भिंतीकडं तोंड करून सोडलेला.

"वाऱ्यासाठी न्हवं रं," म्हणाले. खोकले. बराच वेळ खोकले.
"झोप लागत न्हाय. हितं रात्रीचं कायच वाजत न्हाय."

मग तुकड्या-तुकड्यानं :
भट्टीची जागा पार्किंगला गेली.
पोरानं आठव्या मजल्यावर घर घेतलं,
खालून लिफ्टला कार्ड लागतं, कार्ड दोनच.
"बोलला, नाना, तुमाला गावचीच हवा बरी."

मी मोबाईल हातात धरून उभा.
"कुणाला बोलू नगंस. जत्रेला येतो तसा येईन,
गाडीतनं उतरून. पेढं घिऊन."

मी घर बंद निवडलं.

पुढच्या महिन्यात अकरा.
कुंभारणीनं काचेवर पुन्हा माती आणायला घेतली होती.
आकडा दिसण्यापुरतीच खरवडली,
बाकीची राहू दिली.

त्या रात्री घरी
मीही पंखा भिंतीकडं फिरवून बघितला.
ऐकत होतो, लागतो का काही अंदाज,
एवढी माणसं, एवढं पाणी.
बायको म्हणाली, उकडतंय,
इकडं करा की तो.