शेवटचा जिना

त्या गेमचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही.
पिवळ्या कॅसेटवरचा कागद कुणीतरी सोललेला,
त्यावर हरेशच्या पप्पांनी बॉलपेननं लिहिलेलं :
भूतवाला. चोवीस तास. दहा रुपये.
फुंकर मारायची, दोनदा, तिसरी जरा ओली,
मग टीव्हीत उगवायचा किल्ला.

मी चेंदणीची. शाळा सुटली की मीठबंदराच्या रस्त्यानं
खाडीचा वास दप्तरात घेऊन कोपरीत.
दुकानामागच्या खोलीत तो आधीच बसलेला,
पिवळट डोळ्यांचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा
आणि वीतभर बुटका.

शिकारी चाबूक घेऊन चालायचा, पाठीला काठी बांधल्यासारखा.
दिवे फोडले की बदाम पडायचे,
लाल, पत्त्यातले.
एका भिंतीत भाजलेली कोंबडी निघायची, तंगडी वर करून,
किल्ला चारशे वर्षं बंद, आणि ती अजून गरम.
"कुणी ठेवली असेल गं?" हरेश म्हणायचा,
"त्यानंच ना? कोण आलं-गेलं तर असावी म्हणून?"
माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

वटवाघूळ धडकलं की शिकारी मागे फेकला जायचा
आणि मागे नेहमी खड्डाच.
एकदा उडी घेतली की हवेत वळता यायचं नाही.
सुटलास की सुटलास.
मी बटणं ठेचायचे, वटवाघळाची आय-माय काढायचे.
तो नुसता म्हणायचा, उडायच्या आधी बघायचं असतं.

दर तिसऱ्या मंगळवारी दुकानाला कुलूप.
हरेश पूल ओलांडून सिव्हिलला.
एकदा मीही गेले, भूगोलाची वही मागायला.
खाटेवर तो, वर टांगलेली पिशवी,
नळीत लाल थेंब, थांबत थांबत.
"मिनिटाला वीस," म्हणाला, "मी मोजलेत."
मग वरचे दोन दात ओठावर काढून दाखवले.
नर्स ओरडली. त्याची मम्मी खिडकीकडे बघत राहिली.
मला त्या दिवशी कळलं, की काही जणांना
दुसऱ्याचं रक्त घेतल्याशिवाय शाळेत जाता येत नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पोचलो.
घड्याळाचा मनोरा, त्यातली दात्यांची चाकं,
मग लांब तिरका जिना,
आणि वर, खुर्चीत, तो.
काळा झगा. तोंड पांढरं, आठ-दहा चौकोनांचं.
हात उगारलेला नव्हता त्यानं.
हरेशनं रिमोट मांडीवर ठेवला.
"मार ना! वेळ चाललीय!"
"त्यालाही लागतंच ना," तो म्हणाला,
"फक्त त्याला कुणी पिशवीतून देत नाही."

वरच्या कोपऱ्यात आकडे उतरत गेले.
शंभर. साठ. बारा.
शिकारी जिन्याखाली उभ्या-उभ्या वेळ संपून मेला,
आधी गुडघ्यावर, मग आडवा.
पाच महिने घालवले होते आम्ही.
मी इतकी चिडले की जाताना
त्याच्या चपला गटारात टाकल्या.

हरेश त्याच दुकानात आता मोबाईल दुरुस्त करतो.
डॉक्टरांनी दिलेली मुदत दोनदा संपवून बसलाय.
रात्री पोटाला सुई लावून लोखंड उपसणारा तो छोटा पंप
कित्येक वर्षं चालला, आता गोळ्या आहेत.
मंगळवार मात्र तोच.

माझं रक्त त्याला चालत नाही. माझं बी, त्याचं ओ.
तरी चौकात शिबिराचा मंडप पडला की मी जाते,
रबरी चेंडू दाबते, ग्लुकोजची बिस्किटं खाते,
ते कुणाच्या किल्ल्यात जाणार, हे विचारत नाही.
परतताना दुकानावर थांबते.
दंडावरची पट्टी बघून तो भिंगातून डोळा काढतो,
"आज कुणासाठी कोंबडी ठेवलीस?" विचारतो,

आणि चपलांचे अठ्ठावीस रुपये अजून मागतो.