लाघव

रात्री साडेदहाला बॉयलर बंद होतो.
पाइप थोडा वेळ कुरकुरतात, मग गप्प.
हम्बरवरून आलेला वारा
खिडकीच्या फटीला तोंड लावून बसतो.
मी टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवते
आणि एकोणिसावा भाग लावते.

तो येतो. वेन शूह्वाई.
नाव नीट घेता येत नाही मला,
ओठ कुठे मिटायचे तेच कळत नाही.
वय सव्वीस. माझा थोरला त्याहून चार वर्षांनी मोठा,
लीड्सला असतो, रविवारी फोन करतो.
करतो म्हणजे, उचलतो.

मालिकेत तो राजवैद्याचा उमेदवार.
निळा अंगरखा, केसांचा उंच बुचडा,
बाह्या इतक्या लांब
की वाटलं, हा पोरगा काम काय करणार!
पण त्यानं बाही दोनदा दुमडली,
खलात काहीतरी कुटलं, काढा गाळला,
आणि वाटी म्हाताऱ्या राणीपुढे धरण्याआधी
तिच्यावर हळूच फुंकर घातली.

बस्स.
तलवार नाही, घोडा नाही.
मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं.
खरं सांगू? सात वेळा.

अच्युत म्हणाले, "चिनी कळतं का तुला?"
म्हटलं, तीस वर्षं तुमच्याशी मराठीत बोलतेय,
ते कुठं कळलं कुणाला?
ते हसले नाहीत. मग हसले.
मग वर निजायला गेले.

दुकानात सगळ्याजणी त्याला चार्मिंग म्हणतात.
मला शाळेतल्या संस्कृतच्या बाई आठवतात:
लाघव म्हणजे लघुपणा, मुलींनो,
थोडक्यात आटपणं. पसारा न घालणं.
तेव्हा परीक्षेपुरतं लिहिलं होतं.

मी चष्म्यांच्या दुकानात असते.
दिवसाला तीस चेहरे वीतभर अंतरावरून बघते,
कानामागे बोट घालून विचारते, टोचतं का?
माझ्याकडे कुणी बघत नाही.
बघणार कसं,
चष्मा तर माझ्या हातात असतो.

त्याला मात्र बघता येतं.
समोरची बाई बोलत असली की तो ऐकतो,
नुसता ऐकतो, आणि त्याचे कान लाल होतात,
रंगभूषेला न जुमानता.

शेजारी मिसेस फांग पँटी आखूड करून देतात.
स्थळाचा फोटो दाखवावा तसा
मी त्यांना त्याचा फोटो दाखवला.
तोंडात टाचण्या धरूनच त्या म्हणाल्या,
"चांगला आहे. पण आवाज त्याचा नाही.
दुसराच कुणी बोलतो, स्टुडिओत बसून."

बसमध्ये वरच्या मजल्यावर बसून आले.
ज्या आवाजातला एक शब्दही कळत नव्हता,
तोही परका निघावा!
कुणाचा असेल? टक्कल असेल का त्याला?
घसा बसला की गरम पाणी पीत असेल?
त्याचं नाव शेवटी सरकत जात असणार,
मला न वाचता येणाऱ्या अक्षरांत,
आणि तेवढ्यात मी दिवा मालवायला उठलेली.

आठवडाभर मालिका लावली नाही.
आठव्या रात्री लावली, आवाज बंद करून.
बाही दुमडली, एकदा, दोनदा.
वाटी उचलली.
फुंकरीला आवाज लागत नाही.
ती त्याचीच.

काल मिस्टर ऑग्रम आले,
आयुष्यभर उत्तर समुद्रात मासेमारी केलेले, ब्याऐंशीचे.
काच पुसायचा फवारा संपला होता.
मी भिंगावर हलकेच वाफ सोडली,
कापडानं टिपली, धूळ फुंकली,
आणि चष्मा दोन्ही हातांनी त्यांच्या नाकावर ठेवला.

ते आरशाकडे वळलेच नाहीत.
म्हणाले, "अच्छा, अशा दिसता होय तुम्ही."

माझे कान तापले.
पावती करताना तारीख चुकली,
पुन्हा लिहिली.