माळाला कोण खत घालतं

आमच्या ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला
चार महिने जनावरं बांधूनच.
सासू होती तोवर गोठा रोज खरवडायची,
फरशी आरशागत, आणि म्हशींचे गुडघे सोललेले.
मी अंथरूण घालते. आधी भाताचं पिंजर,
मग वाळला पाला, परत पिंजर.
कालचं काढत नाही. कालच्यावर आजचं.

किती झालं ते पायाला कळतं.
टाचेखाली चुरचुरलं की बरं,
पचकन् झालं की अजून दोन पेंढ्या.
हात खुपसून बघायचा: आत ऊब असावी,
कणकण असलेल्या पोराच्या कपाळाएवढी.
नाकाला झोंबलं, डोळ्याला पाणी आलं तर उलथायचं लगेच,
आपल्याला झोंबतं ते म्हशीला झोंबत नाही का?

दिवाळीत बघितलं तर गव्हाण बुटकी झालेली,
जमीन वर आलेली इतकी
की पंढरपुरी म्हशीची शिंगं वाशाला घासायची.

फाल्गुनात कुदळ घातली.
वरचं पिवळं, मधलं तपकिरी,
तळाचं चहाच्या गाळासारखं काळं.
डेअरीच्या कॅनचं झाकण सापडलं,
ज्याच्यावरून श्रावणात घरभर भांडण झालं होतं.
आणि एक दोरा, नायलॉनचा, लाल,
आठच दिवस जगलेल्या रेडकाच्या गळ्यातला.
बाकी सगळं मऊ झालेलं, हा तेवढा तसाच.
कमरेला खोचला, परत कामाला लागले.

पठारावर आमचा एकरभर वाटा, पवनचक्कीच्या बुडाशी.
बोटभर माती, खाली कातळ.
दरसाल गवत कापून आणतो,
कापून आणतो,
कापून आणतो.

तातोबा पाचुपते म्हणाला,
"माळाला कोण खत घालतं गं? माळ काय जावई हाय तुझा?
राबाला घाल, भाताला घाल."
म्हटलं, जावई जेवून जातो, भाऊजी.
हा जेवू घालतोय.

वैशाखात ट्रॉली निम्म्या चढावर थांबली.
पुढं पाट्या. मी आणि इंदुमती, अकरा दिवस.
पाटी झटकायची ढब असते:
मनगट सैल, कंबर फिरवायची,
खत वाऱ्याला नाही, भुईला द्यायचं.
ढीग पडला की पायानं पसरायचा,
ढिगाखाली गवत गुदमरतं.
पवनचक्कीच्या पात्याची सावली सारखी अंगावरून जायची
आणि इंदुमती दर खेपेला मान खाली घालायची,
दर खेपेला हसायची.

भाद्रपदात उघडीप मिळाली तशी वर गेले.
पट्टे पडले होते, गडद, फिकट, गडद.
एका जागी थाळ्याएवढा काळा हिरवा डाग,
तिथं इंदुमतीची पाटी सांडली होती.
एक वाट मात्र पांढुरकी, वाकडी:
तिथं बहिणीचा फोन आलेला,
मी बोलत बोलत रिकाम्या हातानं चालत राहिले,
तिचं रडणं संपेपर्यंत.
तेवढ्या गवताला काही मिळालं नाही.

सगळ्यात दाट जागी म्हैस सोडली.
तिनं हुंगलं. फुर्र केलं. तोंड फिरवलं
आणि कडेचं कुसळी गवत ओरबाडायला लागली.
तातोबा बांधावरून बघत होता.
बोलला काही नाही, तंबाखू मळत राहिला.
बोलला असता तर बरं झालं असतं.

तिला वास आला, तिचाच.
दोन महिने ढीग लावला तो कमी पडला,
अजून मुरायला पाहिजे होतं.
पुढच्या साली सहा महिने ठेवीन, वर माती लिंपून.
यंदाचं कार्तिकात कापून वाळवीन,
उन्हानं वास गेला तर खातील.
नाहीच खाल्लं तर
त्यांच्याच खाली अंथरीन.
शिंगं अजून वाशापासून हातभर खाली आहेत.