जागा कमी आहे

सोंग-कोलच्या वर, तीन हजार मीटरवर,
जिथे फोनवर एक दांडी उगवत नाही
आणि झाड तर औषधालाही नाही,
तिथे माझी एक ओळ चुकली.

ओळ साधीच होती.
बिश्केकमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी,
चहाचा कप विसळून पालथा घातल्यावर लिहिलेली:
नोंदी इथे ठेव.
'सध्या' हा शब्द मी लिहिला नव्हता,
तो त्या जागेच्या स्वभावातच होता.
कॅश म्हणजे ओसरीवर ओतलेलं धान्य,
पटकन हाताशी येतं,
आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही
की पहिला केरसुणीचा फटका त्यालाच.
पेव वेगळं. पेव जमिनीच्या पोटात,
तोंड लिंपलेलं,
विचारल्याशिवाय कुणी उकरत नाही.
मला दोन्ही ठाऊक होतं.
ओसरीवर ओतून मी घरी गेले.

केरेमेत, गुरांची डॉक्टर, घोड्यावरून आली.
तिचा फोन ओढ्यात पडला होता,
म्हणून ब्यूब्यूकानच्या फोनात
तिने दोनशे बारा मेंढ्या नोंदल्या.
एकेकीला सुई, एकेकीच्या कपाळावर निळ्या खडूची रेघ.
फोन दरवेळी म्हणाला, जतन झालं.
खोटं बोलत नव्हता तो.
मी त्याला तेवढंच शिकवलं होतं.

त्याच दुपारी उलुकमानने, वय अकरा,
आपल्या शिंगराच्या शर्यतीचा व्हिडिओ काढला.
फोन म्हणाला, जागा कमी आहे.
तात्पुरता साठा पुसू?
पोराने हो म्हटलं.
कुणीही म्हटलं असतं.

रात्री गारा पडल्या. कपाळंही धुतली गेली.

मी वर पोचले तेव्हा पोरगा
शेणाच्या ढिगाआड लपला होता.
म्हटलं, चूक तुझी नाही, माझी आहे.
त्याचा विश्वास बसला नाही;
मोठी माणसं सुरुवात अशीच करतात.

ब्यूब्यूकानने कुमीसचा वाडगा पुढे केला,
बाही कोपरापर्यंत सारली आणि सांगू लागली:
डाव्या कानाला चीर असलेली, मी धरली होती.
काळ्या गुडघ्यांची, सुनेने धरली, लाथ खाल्ली.
मिठाच्या दगडापाशी जी सर्वांत आधी पोचते ती.
ती जिचं कोकरू लांडग्याने नेलं.
ती जिचं नेलं नाही.
उलुकमान मेंढी पकडून आणी,
कानातल्या बिल्ल्याचा आकडा ओरडे,
मी टाइप करी.
मध्येच तिला सुनेचा फोन नंबर विचारला.
तो तिला आठवेना.

अंधार पडेतो दोनशे नऊ झाल्या.
तीन उरल्या.
मी म्हटलं, बहुतेक दिलीच असेल लस,
हो लिहू का?
ती म्हणाली, बहुतेक नावाची मेंढी
माझ्या कळपात नाही.

मग शेगडीपाशी बसून आम्ही व्हिडिओ पाहिला,
ज्याच्यासाठी सगळं पुसलं गेलं तो.
अडतीस सेकंद. धूळ, शिट्ट्या,
कॅमेरा हातात धरून धावणाऱ्या पोराचा श्वास.
एकतिसाव्या सेकंदाला
कोपऱ्यातून एक मेंढी निवांत चालत गेली,
शिंग मोडकं,
कपाळावर निळी रेघ.
थांबव, ब्यूब्यूकान म्हणाली.
थांबव, थांबव, मागे घे.

दोनशे दहा.

खिंडीत, परतताना, खिशात फोन थरथरला.
मी घोडा थांबवला.
नोंदी एकेक करून वर जाऊ लागल्या,
माझ्या हातमोज्यातून, कुठल्याशा मनोऱ्याकडे.
शेवटचे दोन रकाने रिकामे होते.
ते मी रिकामेच पाठवले,
आणि रिकामेच ठेवले फोनातही,
या वेळी पेवात.

ओळ बदललीय. तीन शब्दांचा फरक.

आणि हो, शिंगरू शर्यत हरलं होतं.
व्हिडिओत ते दिसत नाही,
त्याआधीच संपतो तो.
उलुकमानने मला निघताना सांगितलं,
हळूच, लगाम हातात देताना,
आणि म्हणाला, हे कुठे लिहू नकोस.