नावं ठेवली

या गावाला पहिलं नाव कुणी ठेवलं नाही,
नावं ठेवली.
तोलेगेन नावाच्या एकानं
अकरा दिवस गवताळ माळ खणला,
ओंजळ तोंडाला लावली
आणि थुंकून म्हणाला, तुझकुदूक!
खारी विहीर.
उंटांची काही तक्रार नव्हती.
ते थांबले, म्हणून तंबू थांबले.

मग झारचा कुणी सुभेदार आला,
त्यानं स्वतःचंच नाव गावाला दिलं.
त्याची बदली झाली, नाव राहिलं चौतीस वर्षं.
पुढे एका ट्रॅक्टर कारखान्याचं.
पुढे एका वीराचं, जो इथे कधी आला होता की नाही
यावर समितीत अजून भांडण आहे.

स्टेशनवरची पाटी माझा बाप रंगवायचा.
पत्रा एकच.
जुनं नाव खरवडायचे पैसे कुणीच मंजूर केले नाहीत,
म्हणून तो वरूनच रंग देई.
थंडी उणे तीसवर गेली की पोपडे सुटतात
आणि वीराच्या पोटातून ट्रॅक्टर डोकावतो.

आता नळाला पाणी येतं, दुरून, गोडं.
तरी फलाटावरची रौशान
परक्याच्या चहात दुधाआधी
मिठाची चिमूट टाकते.
कुठलं हो हे स्टेशन, असं त्यानं विचारलं
तर म्हणते, आधी पी.